टॉर्पेडो मोटरबोटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर येणारे प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, आणि त्यातले निम्मे फिरून केनेडींपाशी येतात (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी युद्धात अशाच एका बोटीवर होते, प्रश्न १०). म्हणून सगळे एका ठिकाणी मांडले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. टॉर्पेडो बोट म्हणजे नेमकं काय? मोटरबोटीला टॉर्पेडो बांधला की झाली का?

जवळजवळ तसंच. साधारण पंधरा ते पस्तीस मीटर लांबीची, बहुतांशी लाकडी बोट, विमानात शोभतील अशी इंजिनं, दोन ते चार टॉर्पेडो, काही मशीनगन आणि दहाबारा ते तीसेक माणसं. चिलखत नावालाही नाही.

यामागचं गणित साधं आहे. मोठी तोफ उडाली की मागे जोरदार धक्का देते. तो सोसायला जहाजही तेवढंच भक्कम लागतं. टॉर्पेडो म्हणजे पाण्याखालून स्वतः चालत जाणारा बॉम्ब, त्याला धक्का नसतो. पाण्यात सोडला की तो स्वतःच्या इंजिनावर निघतो. त्यामुळे हजारो टनांच्या जहाजाला तळाशी भोक पाडणारं हत्यार पंधरा-वीस टनांची होडीसुद्धा नेऊ शकते. पहिल्या महायुद्धात भरवशाची पेट्रोल इंजिनं मिळू लागली आणि हे प्रत्यक्षात आलं.

२. एमटीबी, पीटी, एस-बोट, ई-बोट, मास... ही सगळी वेगवेगळी जातकुळी आहे का?

नाही, एकाच कल्पनेची ही देशोदेशीची नावं. एमटीबी म्हणजे ब्रिटिशांची मोटर टॉर्पेडो बोट. पीटी अमेरिकेची. त्यातला 'पी' गस्त या अर्थाच्या 'पट्रोल'चा आहे, इंधनाचा नाही. (पेट्रोलही त्या भरपूर प्यायच्या, तो भाग निराळा.) जर्मनांची श्नेलबोट, म्हणजे वेगवान बोट, हीच एस-बोट. तिलाच ब्रिटिश ई-बोट म्हणत, त्यामुळे या दोन वेगळ्या बोटी समजू नयेत. 'मास' हे इटालियन 'मोतोस्काफो अर्मातो सिलुरान्ते'चं लघुरूप. कवी दानुन्झिओने त्याच तीन अक्षरांतून लॅटिन ब्रीद काढलं : 'मेमेन्तो औदेरे सेम्पर', नेहमी धाडस करायचं हे ध्यानात ठेव.

३. टॉर्पेडो बोट आणि विनाशिका यांत फरक काय?

जमीनअस्मानाचा. पण नावात नातं आहे. 'विनाशिका' हा डिस्ट्रॉयरसाठी आपण केलेला शब्द. विनाश कुणाचा, हे मात्र त्यात राहून गेलं. मूळ नाव होतं 'टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयर'. १८७०च्या दशकापासून वाफेवरच्या छोट्या टॉर्पेडो बोटींनी मोठ्या आरमारांची झोप उडवली होती. त्यांना हाकलण्यासाठी १८९०च्या दशकात ही थोडी मोठी, वेगवान जहाजं बांधली गेली. पुढे त्यांच्या नावातला 'टॉर्पेडो बोट' हा भाग गळला. हे पान वाफेच्या बोटींबद्दल नाही, त्यांच्या पेट्रोल-डिझेलवरच्या नातवंडांबद्दल आहे.

४. या बोटी खरंच ४० नॉटने धावायच्या का?

चाचणीत हो. ४० नॉट म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. अमेरिकन एल्को कंपनीची ८० फुटी बोट ४१ नॉटपर्यंत जायची. पण युद्धात वजन वाढतं, उष्ण समुद्रात तळाला शेवाळं आणि शिंपले चिकटतात, इंजिनं थकतात. मग तो आकडा कागदावरच राहतो.

ब्रिटिश आणि अमेरिकन बोटींचा तळ असा होता की वेग वाढला की बोट पाणी कापण्याऐवजी पाण्यावर चढून घसरत जाई, तिरका फेकलेला चपटा दगड जसा टप्पे घेतो तशी. जर्मनांनी दुसरी वाट धरली. ल्युर्सन कारखान्याने एका श्रीमंत अमेरिकन बँकरसाठी 'ओहेका २' नावाची आलिशान मोटरनौका बांधली होती. तिच्या गोलसर तळावरून एस-बोट आली. ती पाण्यावर चढत नसे, पण खवळलेल्या उत्तर समुद्रात तिचा वेग टिकून राही. घसरणाऱ्या बोटी त्याच लाटांत अक्षरशः आपटायच्या. फुटक्या रस्त्यावर एसटीच्या शेवटच्या सीटवर बसलेल्याला हे वेगळं समजवायला नको.

आता गंमत. अमेरिकन बोटींवर सुरुवातीला असलेला मार्क ८ टॉर्पेडो २७ नॉटने जायचा. म्हणजे बोट स्वतःच्याच हत्यारापेक्षा वेगवान होती.

५. एवढा वेग होता, तर सुसाट जाऊन हल्ला करत असतील ना?

हा सर्वांत मोठा गैरसमज. दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उडवत शत्रूवर तुटून पडणारी बोट चित्रात छान दिसते. खऱ्या हल्ल्यात असं करणारा बहुधा घरी परतत नसे. ही बोट अंधारात, दबकत, वाट पाहत शिकार करायची. वेग होता तो पळण्यासाठी.

अमावास्येच्या आसपासची रात्र बघायची. इंजिनांचा धूर-आवाज सायलेन्सरमधून पाण्याखाली सोडायचा, तीनपैकी एकाच इंजिनावर सरकायचं किंवा सरळ बंद करून तरंगत राहायचं. मागे उमटणारी पाण्याची रेघ हा मोठा शत्रू. कोकणात थंडीच्या दिवसांत कधीकधी रात्री लाटा निळसर चमकताना दिसतात. दक्षिण पॅसिफिकमध्येही तसंच पाणी चमकतं. तिथे जोरात बोट हाकणं म्हणजे आपल्या मागे दिवा लावून हिंडणं. हजार मीटर किंवा त्याहून जवळ पोचायचं, टॉर्पेडो सोडायचे, आणि त्यानंतर सगळी इंजिनं पूर्ण जोरात, मागे धुराचा पडदा.

यात सर्वांत तरबेज माणूस मला इटलीचा लुईजी रिझ्झो वाटतो. ९-१० डिसेंबर १९१७च्या रात्री तो दोन मास बोटी घेऊन त्रिएस्ते बंदराच्या तोंडाशी गेला. वाट पोलादी दोरखंडांनी अडवलेली होती. त्याच्या माणसांनी पहाऱ्याच्या नाकाखाली ते एकेक करून कापले. मग आत शिरून ऑस्ट्रो-हंगेरियन युद्धनौका 'वीन' बुडवली आणि सगळे सुखरूप परत आले. सहा महिन्यांनी, १० जून १९१८च्या पहाटे, प्रेमुदा बेटाजवळ गस्त संपवून परतताना त्याला दूर धूर दिसला. तो वेग कमी करून शत्रूच्या रक्षक जहाजांच्या मधून आत शिरला. त्याच्या 'मास १५'च्या टॉर्पेडोंनी सुमारे २० हजार टनांची 'सेंट इश्तवान' ही ऑस्ट्रो-हंगेरियन युद्धनौका गेली. सोबतच्या 'मास २१'चे टॉर्पेडो मात्र वाया गेले. पाठलाग करणाऱ्या जहाजासमोर रिझ्झोने पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब पाण्यात सोडले आणि मगच वेगाचा उपयोग केला. 'मास १५'चं वजन होतं सुमारे १६ टन. १० जून हा इटालियन नौदल दिन आहे, तो यामुळेच.

६. टॉर्पेडो बोटीतून सोडतात कसा? तो बोटीलाच लागत नाही का?

लागण्याची सोय ब्रिटिशांनी खरोखर करून ठेवली होती! पहिल्या महायुद्धातल्या त्यांच्या थॉर्निक्रॉफ्ट बोटींत टॉर्पेडो मागच्या बाजूने, शेपूट आधी असा पाण्यात ढकलला जाई. त्याचं तोंड बोटीच्याच दिशेने. तो मागून येतोय तोवर चालकाने बोट बाजूला वळवायची. वेडेपणा वाटतो, पण जड नळ्यांचं वजन वाचत होतं. याच पद्धतीच्या बोटीतून ऑगस्टस एगरने १७ जून १९१९ रोजी रशियातल्या क्रोनश्टाटजवळ 'ओलेग' ही बोल्शेविकांची क्रूझर (विनाशिकेहून मोठी युद्धनौका) बुडवली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. सोव्हिएत जी-५ बोटीही पुढे टॉर्पेडो मागेच टाकत.

नंतर नळ्या आल्या. अमेरिकन बोटींत टॉर्पेडो दारूच्या स्फोटाने बाहेर फेकला जाई, आणि कधीकधी नळीतलं ग्रीस पेट घेई. तासभर दबकत जवळ जायचं आणि ऐन वेळी लाल भडका उडवून आपला पत्ता द्यायचा! अखेर विमानातून टाकायचा मार्क १३ टॉर्पेडो बोटींवर आला. तो नुसता कडेवरून पाण्यात गडगडत सोडता येई. भडका नाही, नळ्यांचं वजनही गेलं.

७. जर्मन बोटी डिझेलवर आणि ब्रिटिश-अमेरिकन पेट्रोलवर, असं का?

जर्मनांकडे डाइमलर-बेन्झचं हलकं आणि जोरकस डिझेल इंजिन होतं. तसं इंजिन दुसऱ्या बाजूला नव्हतं. ब्रिटिश आधी इटलीची इझोत्ता फ्रास्कीनी इंजिनं घेत. १९४०मध्ये इटलीच शत्रू झाली. मग अमेरिकन पॅकार्ड इंजिनांवर सगळी भिस्त आली. एका पीटी बोटीत अशी तीन इंजिनं असत, आणि विमानाच्या प्रतीचं सुमारे ११ हजार लिटर पेट्रोल. पूर्ण वेगाने ते सहाएक तासांत संपे.

डिझेल सहज पेटत नाही. पेट्रोलची वाफ तळाशी साठते आणि एका ठिणगीची वाट बघते. १४ फेब्रुवारी १९४५ रोजी बेल्जियमच्या ऑस्टेंड बंदरात कॅनेडियन आणि ब्रिटिश एमटीबी शेजारी शेजारी बांधलेल्या होत्या. पाण्यावर पेट्रोल पसरलं होतं, ते पेटलं. शत्रूची एकही गोळी न लागता १२ बोटी आणि साठहून जास्त माणसं गेली.

८. पीटी बोटी प्लायवूडच्या होत्या असं वाचलं. खरं का?

नाही. एल्को बोटीचं अंग महॉगनीच्या फळ्यांच्या दोन तिरक्या थरांचं, आणि मधे सरसाने चिकटवलेलं कापड. मजबूत होतं, पण गोळी अडवायला अर्थातच निकामी.

९. मग या बोटींनी मोठी जहाजं किती बुडवली?

लोकांना वाटतं त्याहून कमी. पहिल्या महायुद्धातल्या 'वीन' आणि 'सेंट इश्तवान' (प्रश्न ५) या शिखरावरच्या गोष्टी. दुसऱ्या महायुद्धात एकाही रणनौकेला (बॅटलशिप, म्हणजे सर्वांत जड चिलखती युद्धनौका) मोटर टॉर्पेडो बोटीने बुडवलेलं नाही. सर्वांत मोठं सावज म्हणजे ब्रिटिश क्रूझर 'मँचेस्टर'. माल्टाला रसद नेताना १३ ऑगस्ट १९४२ रोजी इटालियन बोटींनी तिला इतकं जायबंदी केलं की तिच्याच खलाशांनी तिला बुडवलं. अमेरिकन बोटींच्या खात्यावर 'तेरुझुकी' ही जपानी विनाशिका आणि आय-३ पाणबुडी आहे, दोन्ही डिसेंबर १९४२मध्ये ग्वाडालकनालजवळ. सुरिगाव सामुद्रधुनीत २४-२५ ऑक्टोबर १९४४च्या रात्री ३९ पीटी बोटी जपानी ताफ्यावर सोडल्या होत्या. लागला एकच टॉर्पेडो, 'अबुकुमा' या क्रूझरला, आणि तोही म्हणे दुसऱ्याच जहाजावर नेम धरून सोडलेला.

पण बुडालेली जहाजं मोजून या बोटींचं मोल ठरवणं मला पटत नाही. त्यांच्या भीतीने रात्रीची वाहतूक रखडायची, रक्षक जहाजं अडकून पडायची. तो हिशेब कुठल्याच तक्त्यात येत नाही.

१०. केनेडी आणि पीटी-१०९ची खरी गोष्ट काय?

२ ऑगस्ट १९४३ची पहाट, सॉलोमन बेटांमधली ब्लॅकेट सामुद्रधुनी. त्या रात्री १५ पीटी बोटी जपानी विनाशिकांची वाट अडवायला गेल्या होत्या. त्यांनी ३० टॉर्पेडो सोडले आणि एकही लागला नाही. रडार असलेल्या बोटी टॉर्पेडो संपवून परतल्या. लेफ्टनंट जॉन केनेडींच्या बोटीवर रडार नव्हतं. ती एका इंजिनावर हळू सरकत होती, प्रश्न ५मध्ये सांगितलंय त्याच कारणासाठी. अंधारातून 'अमागिरी' ही विनाशिका आली आणि तिने बोट चिरली. १३ पैकी दोघे गेले.

उरलेले ११ तरंगत्या तुकड्याला धरून राहिले आणि मग जवळच्या बेटाकडे पोहत निघाले. भाजलेल्या मॅकमोहन या खलाशाच्या जाकिटाचा पट्टा दातात धरून केनेडींनी त्याला तासन् तास ओढत नेलं. पुढे बियुकू गासा आणि एरोनी कुमाना हे दोन स्थानिक तरुण भेटले. त्यांच्या हाती केनेडींनी नारळाच्या करवंटीवर कोरलेला निरोप पाठवला आणि ८ ऑगस्टला सुटका झाली. ती करवंटी नंतर राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर असायची. शत्रूच्या पाण्यातून वल्हवत निरोप नेणाऱ्या त्या दोघांची नावं मात्र फारशी कुणाला माहीत नसतात.

११. पण चपळ बोटीला अवजड विनाशिका धडकते कशी? केनेडींची चूक नव्हती का?

हा प्रश्न खोचक आहे आणि रास्तही. माझं मत असं : दोष कुणाचा असेल तर त्या रात्रीच्या आखणीचा. रडारवाल्या बोटी निघून जातात आणि आंधळ्या मागे राहतात, याला डावपेच म्हणत नाहीत. विनाशिका दिसली तेव्हा हाताशी काही सेकंद होते. मंद चालणारी इंजिनं एकदम जोर धरत नाहीत. चपळपणा वेगातून येतो, आणि वेग तर मुद्दाम सोडलेला होता. त्यांना मिळालेलं पदक लढाईसाठी नव्हतं, माणसं वाचवण्यासाठी होतं, हेही लक्षात घ्या.

आणि प्रश्न ३ आठवा. टॉर्पेडो बोट डिस्ट्रॉयरने त्या रात्री आपलं नाव शब्दशः खरं केलं.

१२. जनरल मॅकआर्थर टॉर्पेडो बोटीतून पळाले होते का?

हो. फिलिपिन्समधले हे अमेरिकन सेनापती ११ मार्च १९४२च्या रात्री तिथल्या कोरेगिडॉर बेटावरून निघाले, पत्नी आणि चार वर्षांच्या मुलासह. जॉन बल्कली यांच्या पीटी-४१मध्ये, सोबत आणखी तीन बोटी. वाटेत पहाटे पीटी-३२ने मागून येणारी पीटी-४१च शत्रूची विनाशिका समजली आणि हल्ल्याची तयारी केली. ओळख पटली ती थोडक्यात. १३ मार्चला ते मिंडानावला पोचले आणि तिथून विमानाने ऑस्ट्रेलियाला गेले.

अशी एकच सुटका नाही. हाँगकाँग पडलं त्या दिवशी, २५ डिसेंबर १९४१ला, एक पाय नसलेले चिनी अॅडमिरल चॅन चाक पाच ब्रिटिश एमटीबींतून निसटले. बोटी मिर्स उपसागरात बुडवून सगळी मंडळी जपान्यांच्या रांगांमधून पायी निघाली.

१३. सरावात शेकडो अमेरिकन सैनिक एस-बोटींनी मारले, ही अफवा आहे का?

अफवा नाही. २८ एप्रिल १९४४च्या पहाटे इंग्लंडच्या लाइम उपसागरात फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या आक्रमणाच्या तयारीचा 'एक्सरसाइज टायगर' हा सराव चालू होता. रणगाडे वाहणारी आठ जहाजं एका रांगेत आणि रक्षणाला एकच कॉर्व्हेट. दुसरं रक्षक जहाज टक्कर झाल्यामुळे बंदरातच राहिलं होतं. कागदावरच्या टंकलेखनाच्या चुकीमुळे अमेरिकन जहाजं वेगळ्याच रेडिओ लहरीवर होती, त्यामुळे इशारा पोचलाच नाही. शेरबूरहून आलेल्या नऊ एस-बोटींनी दोन जहाजं बुडवली, तिसऱ्याची शेपटी उडवली. सुमारे ७५० माणसं गेली. अनेकांनी जीवरक्षक पट्टा काखेत न बांधता कमरेला बांधला होता, त्यामुळे पाठीवर ओझं असलेली माणसं पाण्यात उलटी झाली. आक्रमणाचं गुपित फुटू नये म्हणून वाचलेल्यांना तोंड बंद ठेवायचा हुकूम होता. अफवेचा वास येतो तो त्या गुप्ततेमुळे.

१४. काही पीटी बोटींवर टॉर्पेडोच नव्हते, असं का?

कारण न्यू गिनी आणि सॉलोमनमध्ये मोठी जहाजं उरलीच नाहीत. जपानी रसद उथळ तळाच्या पडावांतून किनाऱ्याला चिकटून जाई. टॉर्पेडो त्यांच्या खालून निघून गेला असता. म्हणून बोटींवर ४० मिमी बोफोर्स, कुठे विमानांतून काढलेल्या ३७ मिमी तोफा चढल्या. पीटी-१०९ गेल्यावर केनेडींना मिळालेली पीटी-५९ टॉर्पेडो काढून अशीच तोफांची बोट केलेली होती.

१५. दुसऱ्या महायुद्धात भारतीयांनी अशा बोटी चालवल्या का?

रॉयल इंडियन नेव्हीच्या मोटर लाँच ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर लढल्या, त्याच घराण्यातल्या पण तोफांवर भर असलेल्या आणि संथ. तिथल्या खाड्यांना 'चाउंग' म्हणतात. दोन्ही तीरांना खारफुटी, भरती-ओहोटीवर वेळ, आणि झाडीतून केव्हाही गोळी. सावज पुन्हा तेच, छोटे पडाव (प्रश्न १४).

१६. १९७१ला कराचीवर गेलेल्या आपल्या बोटी टॉर्पेडो बोटी होत्या ना?

नाही, क्षेपणास्त्र बोटी. पण नातं सरळ रक्ताचं आहे. सोव्हिएत पी-६ टॉर्पेडो बोटीच्या सांगाड्यावर क्षेपणास्त्रं बसवून 'कोमार' झाली. इजिप्तच्या कोमार बोटींनी २१ ऑक्टोबर १९६७ला पोर्ट सैदजवळ इस्रायलची 'एलात' ही विनाशिका बुडवली. कोमारची मोठी बहीण 'ओसा', प्रत्येकी चार स्टिक्स क्षेपणास्त्रांची. अशा आठ बोटी भारताने घेतल्या. त्या कोलकात्यात उतरवून मुंबईपर्यंत ओढत आणल्या गेल्या. बंदराच्या रक्षणासाठी घेतलेल्या या आखूड पल्ल्याच्या बोटी ओढून लांब नेता येतात, हे त्यातूनच उमगलं.

४ डिसेंबर १९७१च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' कराचीकडे गेल्या. 'निर्घात'ने 'खैबर' ही विनाशिका बुडवली, 'वीर'ने 'मुहाफिज' ही सुरुंग काढणारी नौका, आणि 'निपात'ने 'व्हीनस चॅलेंजर' हे मालवाहू जहाज. 'खैबर'वरच्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की हल्ला विमानांचा आहे. ८ डिसेंबरच्या रात्री पुन्हा हल्ला झाला, या वेळी 'विनाश' गेली. हजार मीटरऐवजी तीसचाळीस किलोमीटर झाले, पण रात्र निवडणं तेच, गुपचूप जाणं तेच आणि काम झाल्यावर मागे न बघता पळणंही तेच.

१७. एवढ्या बोटी गेल्या कुठे? आज कुठे पाहता येतात?

लाकूड, त्यामुळे राहिल्या थोड्या. युद्ध संपल्यावर अमेरिकेने फिलिपिन्समधल्या समार बेटावर शंभराहून जास्त पीटी बोटी किनाऱ्याला ओढून जाळून टाकल्या. किड्यांनी पोखरलेल्या, पेट्रोल पिणाऱ्या बोटी घरी नेणं परवडत नव्हतं. इंग्लंडमध्ये कित्येक एमटीबींची इंजिनं काढून लोकांनी त्यांची तरंगती घरं केली.

उरलेल्यांपैकी पीटी-६१७ आणि पीटी-७९६ मॅसॅच्युसेट्समध्ये फॉल रिव्हरला, पीटी-३०५ न्यू ऑर्लिन्सला. डंकर्कला गेलेली एमटीबी-१०२ आणि एस-बोटींपैकी एस-१३० इंग्लंडमध्ये आहेत. रिझ्झोची 'मास १५' रोममध्ये व्हित्तोरिआनो स्मारकात ठेवली आहे. ती पाहून प्रश्न ५मधले २० हजार टन आठवावेत.

आपल्याजवळ पाहायचं तर कारवारच्या रवींद्रनाथ टागोर किनाऱ्यावर 'आयएनएस चपळ' ही ओसा जातीची क्षेपणास्त्र बोट उभी आहे. गोव्याहून अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. फक्त मुलांना 'हीच कराचीला गेली होती' असं सांगू नका. ती नौदलात आली तेव्हा १९७१चं युद्ध संपून काही वर्षं झाली होती.